आठ डॉलर आणि खर्चाची वही

उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जा, चहाच्या टेबलाशी एक वाक्य हमखास कानी पडते : "आम्ही आठ डॉलर घेऊन या देशात आलो." बोलणारे गृहस्थ सत्तरी-ऐंशीच्या घरातले असतात, ऐकणारा नुकताच आलेला विद्यार्थी असतो, आणि वाक्याचा रोख बहुधा असा असतो की बघ बाबा, आम्ही शून्यातून उभे राहिलो, तुम्हां मुलांना सगळे तयार मिळते.

वाक्य खोटे नाही. मी स्वतः १९६९ साली त्या आठ डॉलरवाल्यांपैकीच एक होऊन कोलंबस, ओहायो येथे आले. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ते वाक्य म्हणजे जमाखर्चाच्या वहीचे एकच पान आहे, तेही खर्चाच्या बाजूचे नव्हे आणि जमेच्या बाजूचेही नव्हे, नुसत्या हातातल्या शिलकीचे. परदेशात राहणाऱ्या माणसाला रोजचे जगणे किती रुपयांना, किती डॉलरना पडले आणि ते पैसे नेमके कुणाच्या खिशातून आले, हा प्रश्न विचारला की गोष्ट निराळी दिसू लागते. या लेखात तो हिशेब जरा मागून, म्हणजे १८८३ पासून, मांडायचा विचार आहे.

सहाशे डॉलर आणि सोन्याच्या बांगड्या

आपल्यापैकी पहिले मराठी बिऱ्हाड या देशात कुणी मांडले, तर ते अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. पोस्टातल्या माणसाच्या पगारात अमेरिकेचा प्रवास बसणे शक्यच नव्हते. प्रवासखर्चासाठी आनंदीबाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही. त्या वेळी एक डॉलर साधारण अडीच रुपयांना पडे, म्हणजे ही रक्कम दीड हजार रुपयांच्या घरात जाते. पुण्या-कल्याणच्या मानाने ती मोठी होती. फिलाडेल्फियाच्या मानाने नव्हती.

इथेच परदेशस्थाच्या संसारातले पहिले गणित येते. पैसा एका देशाचा, किमती दुसऱ्या देशाच्या. त्यात आनंदीबाईंनी आहार आणि पोशाख आपलाच ठेवायचा निश्चय केलेला. ज्याला इथले अन्न चालते त्याचा खर्च एक, आणि ज्याला आपले अन्न स्वतः शिजवावे लागते त्याचा खर्च दुसरा. या दुसऱ्या खर्चात पैसा कमी जातो, वेळ आणि अंगातली ताकद फार जाते. खोलीतल्या शेगडीचा धूर होई, त्यामुळे धूर सोसायचा की थंडी एवढीच निवड उरे, असे त्यांच्या चरित्रकथांत येते. लुगडे नेसून फिलाडेल्फियाचा हिवाळा काढणे काय असते ते इथे राहणाऱ्या बायकांना मी सांगायला नको. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे व्हायच्या आत, क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी येथील दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. डॉलरच्या रकान्यात न मावणारा खर्च म्हणजे काय, ते तिथल्या शिळेपाशी उभे राहिले की कळते.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्या मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. आल्या पाहुण्या म्हणून आणि राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. त्यांनी आपला खर्च निराळ्या रीतीने भागवला. ठिकठिकाणी व्याख्याने दिली, हजारो मैल प्रवास केला आणि १८८७ साली फिलाडेल्फियात 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक काढले. त्याला प्रस्तावना आनंदीबाईंच्याच कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची होती. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि मुंबईच्या नियोजित शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे तिने ठरवले. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत शारदासदन उघडले. त्याच साली रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. इथे राहून गेलेल्या मराठी माणसाने हा देश मराठी वाचकांना समजावून सांगितल्याचे हे फार जुने आणि आजही वाचावे असे उदाहरण आहे.

एकीने दागिने विकून येण्याची सोय केली, दुसरीने व्याख्याने आणि पुस्तके यांच्या बळावर इथून घरी पैसा नेला. आपल्या इथल्या जमाखर्चाची ही दोन टोके पहिल्या तीन-चार वर्षांतच दिसून आली.

साडेअकरा पौंड

यानंतरची पिढी पुरुष विद्यार्थ्यांची. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला आले, तिथेच जातिसंस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ झाला आणि पुढे त्यांनी ज्ञानकोश केला. धर्मानंद कोसंबी १९१० साली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला आले. पश्चिम किनाऱ्यावर वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतकीशास्त्र शिकत होते आणि मजुरी करून खर्च भागवत होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे याच सुमारास त्या बाजूला आले. तिथल्या लाकूड-गिरण्यांत हिंदी मजुराला दिवसाला साधारण दीड ते दोन डॉलर मिळत. विद्यार्थी सुटीत तिथे किंवा फळबागांत काम करीत, हॉटेलात बशा विसळत. पंजाबी मजूर आणि मराठी विद्यार्थी यांची गाठ त्या कामावर पडली आणि त्यातून गदरची चळवळ उभी राहिली. पिंगळे हिंदुस्थानात परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फाशी गेले. पोटासाठी केलेली मजुरी माणसाला कुठे नेते याचा अंदाज आधी कुणाला येणार?

पण या पिढीतला सर्वांत तपशीलवार हिशेब माहीत आहे तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९१३ च्या जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दिलेली शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. पौंडाला तेव्हा पंधरा रुपये आणि सुमारे पावणेपाच-पाच डॉलर पडत, म्हणजे घरच्या हिशेबाने एकशे बहात्तर रुपये आठ आणे आणि न्यूयॉर्कच्या हिशेबाने छप्पन्न डॉलर. छप्पन्न डॉलर म्हणजे काय, तर ऑरेगनच्या गिरणीत लाकूड उचलणाऱ्या मजुराला महिनाभर राबून जे मिळे त्याहून जेमतेम काही जास्त. आणि त्याबद्दल करार होता, शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करण्याचा.

त्या छप्पन्न डॉलरांत राहणे, जेवण, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे होते. ते प्रथम हार्टली हॉल या वसतिगृहात, मग हिंदी विद्यार्थी राहत त्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. कॉफी, दोन मफिन आणि मासे किंवा मटणाची एखादी डिश एवढ्यावर ते जेवण उरकत, असे चरित्रकार लिहितात. नाटक-तमाशे, सहली यांना फाटा. चैन एकच, जुन्या पुस्तकांच्या दुकानांची. दोनेक हजार ग्रंथ त्यांनी जमवले. न्यूयॉर्कमध्ये जुने पुस्तक स्वस्त आणि गरम जेवण महाग असते, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना कळते. पण त्यातून जेवण कापून ग्रंथालय उभे करणारा विरळा.

इकडे मुंबईत परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत रमाबाई आंबेडकर तान्ह्या यशवंतला घेऊन, मोठ्या कुटुंबात दिवस काढत होत्या. वडील रामजी सुभेदार १९१३ च्या फेब्रुवारीतच वारले होते. त्यामुळे न्यूयॉर्कच्या प्रत्येक डॉलरची दुसरी बाजू परळला होती. इथे वाचलेला डॉलर तिथे तीन रुपये होऊन पोचे, आणि इथे न वाचलेला तिथे चूल थांबवी. बाबासाहेबांच्या कोलंबियातील अभ्यासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या अभ्यासाचा निम्मा खर्च परळच्या चाळीत सोसला गेला, ही गोष्ट मात्र आपण एका ओळीत आटोपतो.

या हिशेबाला एक कडू पुरवणी आहे. करारानुसार ते १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. न्यूयॉर्कमध्ये त्यांना वसतिगृहात, क्लबात बिऱ्हाड मिळाले होते. बडोद्यात पैसे द्यायची तयारी असूनही हिंदू वस्तीत जागा मिळेना. एका पारशी उतारशाळेत रोज दीड रुपया देऊन ते राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा विसरच पडला होता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. राहणीचा खर्च मोजताना आपण भाडे आणि भाजीपाला मोजतो. भाडे देऊनही दार उघडत नाही, अशा देशातून आलेल्या माणसाला परदेश स्वस्त की महाग, हे निव्वळ आकड्यांवरून सांगता येणार नाही.

दार बंद, मग किलकिले

१९१७ च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांना या देशाने जवळजवळ बंदी केली आणि १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्वाचा हक्क नाकारला. विद्यार्थी येत राहिले, पण 'शिका आणि परत जा' या बोलीवर. १९४६ साली हिंदुस्थानसाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. शंभर! आज एका मंडळाच्या गणपतीला याहून जास्त माणसे पहिल्या पंगतीला बसतात. खरे दार उघडले ते ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने, आणि तो पूर्णपणे अमलात आला १ जुलै १९६८ पासून.

तिकडे आपल्या सरकारने निराळेच दार आवळले होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५७ च्या सुमारास, परकीय चलनाची गंगाजळी आटली. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्याला चलन मोजून मिळू लागले आणि साठच्या दशकातला तो सुप्रसिद्ध आठ डॉलरचा आकडा त्यातूनच आला. म्हणजे आपण आठ डॉलर घेऊन आलो ते सगळेच कफल्लक होतो म्हणून नव्हे. कारखानदाराचा मुलगाही आठच डॉलर घेऊन उतरे. तो आकडा आपल्या घरच्या गरिबीचा नसून रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीचा होता.

६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. ज्यांनी आदल्या वर्षी कर्ज काढून मुलगा पाठवायचे ठरवले होते त्यांचे अंदाजपत्रक कोलमडले, आणि जे आधीच इथे कमावत होते त्यांच्या प्रत्येक डॉलरला घरी भाव आला. एकाच घटनेने एका घराला खड्ड्यात घातले आणि शेजारच्याला वर काढले.

१९६९ : एका वहीतले आकडे

आता थोडे माझ्या वहीविषयी. लग्नानंतर मी आले तेव्हा ह्यांची असिस्टंटशिप सुरू होती. कर कापून महिन्याला २४५ डॉलर हातात येत. मला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून वही माझ्याकडे आली. पहिल्या हिवाळ्यातले एक पान असे आहे : भाडे ७५, किराणा ५५, वीज-गॅस-फोन २२, बस-लाँड्री-पुस्तके २५, इतर १२, घरी ५०. एकूण २३९. शिल्लक ६.

ब्रेड तेवीस सेंटला, डझनभर अंडी साठ-बासष्ट सेंटना. देशी पत्राला सहा सेंटचे तिकीट आणि भारतात जाणाऱ्या एरोग्रामला तेरा. किमान वेतन तासाला एक डॉलर साठ सेंट, म्हणजे दोन तास राबले की आठवड्याचा भाजीपाला. फोन मात्र घरी करायचा नाही. भारतात तीन मिनिटे बोलायला दहा-बारा डॉलर पडत, म्हणजे पाचवा हिस्सा किराणा! फोन वाजला की काळजात धस्स होई, कारण तेवढे पैसे कुणी आनंदाच्या बातमीवर घालवत नसे.

तुरीची डाळ नव्हती, तिच्याऐवजी पिवळे फोडलेले वाटाणे. रव्याऐवजी क्रीम ऑफ व्हीट, चिवड्याला राइस क्रिस्पीज, गुलाबजामला बिस्क्विक, श्रीखंडाला सावर क्रीम. विरजण दुकानातल्या ताकातून. न्यूयॉर्कला कुणी निघाले की लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूवरच्या कलुस्त्यानची यादी त्याच्याबरोबर जाई. एका आर्मेनियन माणसाचे हे दुकान १९४४ पासूनचे, आणि आमच्या हिंग-मसाल्याची भिस्त त्याच्यावर. शिकागोच्या डेव्हॉन अॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान निघाले १९७४ साली. त्याआधी आणि त्यानंतर असे आमच्या स्वयंपाकाचे सरळ दोन कालखंड पाडता येतात. दातांचा खर्च इतका की भारतातून निघतानाच दात दाखवून आणि दोन चष्मे घेऊन या, असे आम्ही प्रत्येक नवागताला पत्राने कळवीत असू.

पण वाचकहो, या पानावरचा महत्त्वाचा आकडा किराण्याचा नाही, तर 'घरी ५०' हा आहे. पन्नास डॉलरचे झाले तीनशे पंचाहत्तर रुपये. माझ्या सासऱ्यांचा हायस्कुलातला पगार त्या वेळी याहून कमी होता. ह्यांच्या तिकिटासाठी त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढले होते आणि उरलेली रक्कम मामेसासऱ्यांनी दिली होती. आमच्या ओळखीतल्या काहींनी टाटा एंडोमेंटचे कर्ज घेतले होते. जमशेदजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली ही योजना कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. ह्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण सरकारी कॉलेजात, नाममात्र फीमध्ये झाले होते. त्याचा खरा खर्च भारतातल्या करदात्याने भरला. इथली असिस्टंटशिप ओहायोच्या करदात्याने भरली. एवढे सगळे आठ डॉलरच्या मागे उभे होते.

आणि 'इतर १२' या रकान्याबद्दलही लिहायलाच हवे. त्यात साबण, पोस्ट, औषधे असत, आणि महिन्याला चार-पाच डॉलर माझ्या माहेरचे असत. धाकट्या भावाची कॉलेजची फी त्यातून जाई. ह्यांना ते माहीत होते, त्यांची काही ना नव्हती. पण 'घरी' या शब्दाचा अर्थ सासर असा ठरलेला असल्यामुळे माहेरासाठी वहीत वेगळा रकाना आखायची रीतच नव्हती. पुढे ओळखीच्या पाच-सहा जणींशी बोलले तेव्हा कळले की प्रत्येकीच्या वहीत एक 'इतर' होते. किराण्यात डॉलर वाचवून, ब्रेड आदल्या दिवशीचा घेऊन, मुलांचे कपडे घरी शिवून कित्येक भावंडांची शिक्षणे झाली. ही रक्कम कुठल्याही सरकारी आकडेवारीत आली तरी ती कुणी वाचवली हे तिथे लिहिलेले नसते.

आजचे पान

१९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले तोवर आपल्यातले बरेच जण घरे घेऊन स्थिरावले होते. १९९१ नंतर भारताचे चलनधोरण सैल झाले, २००४ पासून भारतातल्या माणसाला परदेशी पैसे पाठवण्याची मोकळीक मिळाली आणि आज ती मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरपासून अडीच लाखांपर्यंत! साहजिकच वाटते की आजच्या मुलांना काही कमी नाही.

पण वही उघडून पाहा. १९६९ चा विद्यार्थी असिस्टंटशिप मिळाली तरच येई, कारण त्याच्याकडून पैसे येण्याची शक्यताच नव्हती. आज एम.एस.ला येणारी पुष्कळ मुले फी स्वतः भरतात, कर्ज रुपयांत काढतात, आणि मोठ्या रकमेला बँक तारण मागते. ते तारण म्हणजे बहुधा आईवडिलांचा राहता फ्लॅट. डॉलर २०२२ सालीच ऐंशी रुपयांवर गेला. नोकरी लागली तर कर्ज झपाट्याने फिटते. व्हिसाचा नंबर लागला नाही तर रुपयांतल्या पगारावर डॉलरमधल्या शिक्षणाचे हप्ते भरायचे. आमचा पैसा पहिल्या महिन्यापासून इथून तिकडे गेला. यांचा पैसा आधी तिकडून इथे येतो, इथल्या विद्यापीठांना पोसतो, आणि मग कधीतरी उलट फिरतो. कोणाचे कष्ट जास्त, हा वाद घालण्यात अर्थ नाही. पण आठ डॉलरचा दाखला देऊन त्यांना गप्प करणे हिशेबाला धरून नाही, एवढे खास.

आनंदीबाईंच्या बांगड्या, बडोद्याची शिष्यवृत्ती, प्रॉव्हिडंट फंडाचे कर्ज, तारण ठेवलेला फ्लॅट : परदेशात मांडलेल्या प्रत्येक मराठी बिऱ्हाडाची पहिली रक्कम मागे राहिलेल्या कुणीतरी भरली आहे. स्वतःच्या बळावर उभे राहिल्याचा अभिमान जरूर असावा, पण जमेच्या बाजूला ती नावेही लिहावीत.

शेवटी एक विनंती. आपल्यातले अनेकजण आता मोठी घरे विकून लहान घरांत जात आहेत. आवराआवरीत जुन्या खर्चाच्या वह्या, एरोग्राम, ड्राफ्टच्या पावत्या पहिल्यांदा टाकल्या जातात, कारण त्यांची किंमत शून्य वाटते. टाकू नका. निदान चार पानांच्या प्रती काढून आपापल्या मंडळाच्या दप्तरी द्या. आणि देण्यापूर्वी 'इतर'च्या रकान्यात काय होते ते घरातल्या बाईला विचारून शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा. आणखी दहा वर्षांनी ते सांगणारे कुणी उरणार नाही.